बी निगेटिव्ह कोण आसा?

मसुऱ्यात पंप जळला किंवा पंखा बंद पडला की प्रीतमला हाक जाते. मोटर वाइंडिंग हा त्याचा धंदा. पण पंचक्रोशीत तो ओळखला जातो माइकमुळे. भातकापणी उरकली की शेतांत खेळपट्ट्या होतात, अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात आणि समालोचनाला प्रीतमच लागतो. "आणि हा चेंडू थेट काजूच्या बागेत! शोधणाऱ्याने येताना चार बोंडू घेऊन यावे!" असं तो म्हणाला की मैदान हसायचं. मी गुणलेखक, त्याच्याच टेबलाला बसणारा.

त्या वर्षी फायनल आमची आणि मिठबावची होती. आठवडाभरापूर्वीच प्रीतमला मुलगी झाली होती. त्याची बायको आकांक्षा घरी ब्लाउज शिवते. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. प्रीतम यायला तयार नव्हता. त्याची आई जानकीकाकी म्हणाली, "तू हंय ऱ्हवान काय करतलंस? जा, मी आसंय." तेव्हा तो आला.

शेवटचं षटक. आम्हाला अकरा धावा हव्या होत्या. मिठबावचा कप्तान बाळा स्वतः चेंडू घेऊन उभा. प्रीतमचा आवाज टिपेला पोचला होता आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने एका हाताने तो कानाला लावला, दुसऱ्या हातातला माइक चालूच.

"काय? रगात? थांबणा नाय? आकांक्षा, तू बोल, बोलत ऱ्हव!"

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. बाळाने चेंडू खाली ठेवला. प्रीतम माइक माझ्या मांडीवर टाकून धावत सुटला. टेबलालगतची कुणाची तरी मोटरसायकल त्याने घेतली. कुणाची ती त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी काय झालं होतं ते मला नंतर जानकीकाकीने सांगितलं. सकाळपासून आकांक्षाला अंगावरून जास्त रक्त जात होतं. काकी म्हणाली, बाळंतिणीक जाताच तसा, पडान ऱ्हव. तिच्या स्वतःच्या तीन बाळंतपणांत तसंच झालं होतं. पण दुपारी एक पॅड तासाच्या आत पूर्ण भिजलं, मागोमाग दुसरं. लिंबाएवढ्या गाठी पडल्या. इस्पितळातून सोडताना नर्सने बजावलं होतं, असं झालं तर वाट बघायची नाही. आकांक्षा भिंतीला धरून उठली आणि गरगरून खालीच बसली.

"आये, ह्या नेहमीचा नाय. गाडी बोलवा."

काकीने सुनेच्या ओठांकडे पाहिलं. ते पांढरे पडले होते. मग मात्र तिने वाद घातला नाही. एकशेआठला फोन लावला, सुनेला आडवी करून पायांखाली उशा दिल्या, अंगावर चादर घातली. भिजलेले पॅड टाकायला निघाली, तर आकांक्षा म्हणाली, "टाकू नका. डॉक्टरांक दाखवूचे आसत." तशा अवस्थेत हे सुचणं सोपं नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. आतल्या डॉक्टरने सलाईन लावलं, गर्भाशय आकसावं म्हणून इंजेक्शन दिलं आणि पुढे फोन करून इस्पितळ तयार ठेवायला सांगितलं. गाडी कसालमार्गे जिल्हा इस्पितळाकडे निघाली आणि माझा फोन वाजला. प्रीतम होता, बाळाला घेऊन त्याच गाडीत बसलेला.

"तिचा रगात बी निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी आसा. माइक तुझ्याकडे आसा मां?"

मी आयुष्यात माइकवर बोललेलो नव्हतो. उभा राहिलो. "बी निगेटिव्ह कोण आसा?" एवढंच ओरडलो. आवाज फाटला. "प्रीतमची बायको... बी निगेटिव्ह कोण आसा रे?"

मग खेळपट्टीवरून बाळाचा हात वर गेला. प्रेक्षकांतून आइस्क्रीमच्या गाडीवाल्याचाही. ज्यांना आपला गटच माहीत नव्हता तेही धावले, तपासून घेऊ म्हणाले. मिठबावचा संघ ज्या टेम्पोने आला होता त्यातच आमची पोरं चढली. दोन गावांच्या जर्सी एका टेम्पोत, उभ्याने, आणि ड्रायव्हरला सगळे एकदम सांगतायत, "हाण रे, हाण!" मीही चढलो. चषक टेबलावर तसाच राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा आकांक्षाला आत नेलं होतं. डॉक्टरीण बाहेर येऊन प्रीतमला म्हणाली, "वारेचा तुकडा आत राहिलाय, त्यामुळे रक्त थांबत नाही. तो काढतोय. आहे ती पिशवी लावली आहे. तुमचे लोक रक्तपेढीत पाठवा, लगेच."

बाळाने आणि आइस्क्रीमवाल्याने रक्त दिलं, त्याची तपासणी झाली, पिशव्या वर गेल्या. प्रीतम एका बाकावर मुलीला छातीशी धरून बसला होता. दिवेलागणीच्या सुमारास डॉक्टरीण परत आली. "थांबलं. शुद्धीवर आहे. बाळाला आणा, भूक लागली असेल तिला." प्रीतमने उठून मुलीला नर्सकडे दिलं आणि कप्तान बाळालाच मिठी मारली. मिठबावचा कप्तान आमच्या माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, हे मी पाहिलं. दोन्ही संघांनी इतका आरडाओरडा केला की वॉचमनने सगळ्यांना बाहेर काढलं.

आकांक्षा घरी आली ती पांढरी फटक. लोहाच्या गोळ्या, नाचणी, पुन्हा तपासणी. पावसाळ्याच्या तोंडावर तिचं मशीन परत सुरू झालं. बाळा मधूनमधून सांगून जातो की प्रीतमची मुलगी गौरजा अर्धी मिठबावची आहे, आणि जानकीकाकी त्याला दर वेळी जेवायला बसवते.

काकी स्वतः मात्र बदलली. गेल्या महिन्यात शेजारच्या शुभदाला मुलगा झाला, तर ही रोज तिच्या पडवीत. "कितके पॅड भिजतत? ताप आसा? लाजा नको गो, माका सांग."

शुभदा हसली. "तसला काय नाय काकी. फक्त डोका दुखता, दोन दिस झाले. आणि डोळ्यांफुडे काजवे चमाकतत."

बाळंतिणीचं डोकं दुखणं आणि काजवे दिसणं हीही धोक्याची खूण, हे काकीला आकांक्षाच्या वेळी नर्सने सांगितलं होतं. तिने शुभदाचे सुजलेले पाय पाहिले आणि तिथूनच प्रीतमला हाक घातली, "रे झिला, रिक्षा बोलव! कपडे बदलूक थांबू नको!"

शुभदाचा रक्तदाब भलताच चढला होता. झटके यायच्या आत पोचलात, डॉक्टर म्हणाले, आणि तिला ठेवून घेतलं. काल ती घरी आली.