टाकीतला घोट

"नळी आणा हिकडं, मी वढते!" मी वरडले.

लेकरू माझ्या खांद्यावर, डोळं पांढरं, हातपाय लाकडागत ताठ. तापात आकडी आली व्हती तिला. आन मामा ट्रकच्या टाकीपशी रबरी नळी धरून हुबं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडाजवळ, पर तोंडात काय घालंनात. दिस नुकता वर येत व्हता, थंडी मरणाची, आन त्येंच्या कपाळाला घाम.

मामा म्हंजे माझं सख्खं मामा न्हवं. माणमधल्या आमच्या वस्तीवर शेजारच्या खोलीत एकटं राहायचं. मिलिटरीतनं डायव्हर म्हणून रिटायर झाल्यालं. तुमच्याबी आळीत आसंल बघा आसं एक माणूस, ज्येला बारकी पोरंबी मामा म्हणत्यात आन त्येंचं आजंबी मामाच म्हणत्यात. सकाळी उठलं की ट्रकच्या टाकीवर बोटाच्या हाडानं टकटक करायचं आन म्हणायचं, "पी बाई, माझ्या वाटणीचं बी पी."

त्येचं आसं व्हतं. मामा आदी लय प्यायचं. त्यापायी बायको माहेरी गेली ती गेलीच. ती वारल्याचा सांगावा आला तवा ह्यो माणूस शुद्धीत न्हवता, मातीला पोचला न्हाई. मग म्हसवडला जाऊन सिद्धनाथाच्या पायरीवर डोकं ठेवलं, शपथ घिटली, थेंब तोंडाला लावणार न्हाई. आन मग नोकरी लागली कसल्या गाडीवर? तर इथेनॉलवर चालणाऱ्या! उसाच्या मळीपासनं करत्यात ते, दारूचं सख्खं भावंड. फ्लेक्स फ्युएल म्हणत्यात त्या ट्रकला. पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, मिसळून घाला, चालतोय. पर आपली गाडी उसावर पळती हे मालकाला चार लोकांत दाखवायचं व्हतं, म्हणून त्यो जवळजवळ निस्तं इथेनॉलच घालाय लावायचा. मामा त्यातनं शेळ्यामेंढ्यांची पेंड गावोगाव पोचवायचं.

भरताना हातावर सांडायचं, कपड्याला वास लागायचा. पारावरची माणसं सोडत्यात व्हय?

"काय मामा, आज कुणाला चढलीया? तुमाला का गाडीला?"

"गाडीला. मी निस्ता तिला धरून घरी न्हेतोय, गड्या."

समदी हसायची, मामाबी हसायचं. पर घरी आलं की साबणानं हात घासत बसायचं. एकदा मी म्हणलं, "आवं मामा, कातडं निघंल." तर म्हणलं, "निघू दे पोरी. वास गेला का बघ." आन दोनी हात पुढं केलं, जेवायच्या आदी बारकं पोरगं दावतंय तसं. मी म्हणलं, "गेला." येत व्हता थोडा.

हात धुतल्याबिगर माझ्या पोरीला कदी घिटलं न्हाई त्येनी. धुतलं की मातर स्टेरिंगवर बसवायचं, हॉर्न वाजवाय लावायचं. "ही आपली नवी डायव्हर. लायसन तेवढं राह्यलंय," म्हणायचं.

त्या सकाळी त्यीच पोर माझ्या खांद्यावर ताठ झाल्याली.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेली व्हती. आमचं हे मुंबईला कामावर, त्येंची मोटरसायकल दारात, पर तिचं मागचं चाक कवाचं बसल्यालं. राह्यला ट्रक. त्यो थंडीत लय तरास द्यायचा. गारठ्यात इथेनॉल लवकर पेट घेत न्हाई, थोडं पेट्रोल मिसळावं लागतंय. मामा थंडीत तेवढी जागा ठेवून भरायचं. पर आदल्या दिवशी मालक सोता हुबा राह्यला आन गळ्यापत्तुर इथेनॉल भरून घिटलं. किल्ली फिरवली तर गाडी निस्ती कण्हायची.

मामांनी पळत जाऊन मोटरसायकलीच्या टाकीखालचा कॉक सोडून पेट्रोल डबड्यात काढलं. पर ते घालायचं कुठं? आदी टाकीतनं इथेनॉल काढाय पायजे. आन आमच्याकडं ते कसं काढत्यात ठाव हाय न्हवं? नळी घालायची, तोंडानं वढायचं, आलं की बादलीत सोडायचं.

"आणा की हिकडं! मी वढते म्हणतेय न्हवं!"

"तू न्हाई," मामा म्हणलं. "तू आंगावर पाजतीस तिला. कुणी पिऊ नये म्हणून इख घातल्यालं आसतंय ह्यात."

सासू पुढं झाली. "द्या, मी बघते." तिला दमा. चूल फुकायची तरी खोकल्याचा ढास लागतोय तिला. दोनदा वढलं, काय आलं न्हाई, खोकत खालीच बसली. "आरं द्येवा, छातीत वाराच न्हाई माझ्या."

पोर परत झटके द्याया लागली. मी किंचाळले. कशी किंचाळले, काय म्हणलं, मला आठवत न्हाई.

मामांनी सासूच्या हातनं नळी घिटली. म्हसवड ज्या आंगाला हाय तिकडं तोंड केलं. "नाथा, बघ बाबा," एवढंच म्हणलं. आन वढलं.

गपकन आलं. तोंड भरलं त्येंचं. थुकलं, परत थुकलं, नळी बादलीत सोडली, बादली भरल्यावर टाकीत पेट्रोल वतलं. किल्ली. न्हाई. परत किल्ली. न्हाई. "घाबरायचं काम न्हाई, जुनं पाइपातलं जाऊ दे," म्हणत परत किल्ली फिरवली. मग गाडी खोकली आन उठली.

मामांनी दहिवडीपत्तुर गाडी दामटली. केबिनीत निस्ता वास. दवाखान्यात नर्सबाईनं पोर हातात घिटली आन मामाकडं बघून नाक दाबलं. "दारू पिऊन गाडी चालवता? बारकं लेकरू घेऊन?"

मी सांगाय लागले तर मामांनी मला हातानं थांबवलं. "आदी पोरीकडं बघा, बाई. मला मागनं बोला. लय बोला."

पोर वाचली. मोठ्यानं रडली तवा मी पळत भाईर आले सांगाय. मामा नळाखाली वाकून चूळ भरत व्हतं. भरायचं, टाकायचं, परत भरायचं. कॉलर भिजून चिंब.

"मामा, रडली! चांगली भोकाड पसरून रडली!"

हसलं. डोळ्यातनं पाणी आलं त्येंच्या. मग हळूच म्हणलं, "पोरी, थुकलं मी समदं. पर जिभंनं वळखलं गं."

दोन-चार दिसांत त्येनी मालकाकडं चावी दिली. सासू समजवाय गेली. "आवं, ते काय पिणं व्हय? लेकराचा जीव वाचवला तुमी. नाथ काय धरून बसतोय व्हय?"

"नाथाचं भ्या न्हाई, वैनी," मामा म्हणलं. "त्यो करंल माफ. मला माझं भ्या वाटाय लागलंय. रातीचं उठून टाकीपशी जाऊन हुबा राहतोय मी."

लोणंदला जातो म्हणलं, कांद्याच्या बाजारात. "तिथं निस्ता कांद्याचा वास. रडलं तरी कोण इचारत न्हाई." पिशवी खांद्यावर टाकली, पोरीच्या गालाला बोट लावलं आन यष्टीत बसलं.

फोन लागत न्हाई आता. एक जण म्हणतोय, मामा बाजारात पोती मोजत्यात, लय ब्येस हायेत. दुसरा म्हणतोय, गुत्त्याच्या भाईर बसल्यालं बघितलं. मला कुणाचं खरं मानावं कळंना. पोर चालाय लागलीया, सारखी त्येंच्या बंद खोलीच्या दाराला धरून हुबी राहती, मी उचलून आणते, ती परत जाती. आन माझ्या जिवाला घोर लागतोय. मी नळी हिसकावून घ्यायची व्हती का? वढायचं, आन मग चार दिस पोरीला वरचं दूध पाजायचं? पर तवा डोकं कुठं चालत व्हतं माझं! लेकरू खांद्यावर ताठ झाल्यालं, आन म्होरं त्यो माणूस नळी धरून हुबा. तुमी सांगा. तुमी काय केलं आसतं?