अमावस्येची विनंती

मित्रहो, आज दुपारी वलवणच्या पलीकडल्या एका शाळेत मी मुलांना न दुखवता बोलायला शिकवत होतो. शिवी द्यायची नाही. काय पाहिलं, काय वाटलं आणि काय हवं, एवढंच सांगायचं.

गावातल्या शेतकऱ्याची सुमन उठली. डोंगरवाडीच्या चिमीकडे वळून ती अगदी हळू म्हणाली, "तुजी आई आमच्या गोठ्याम्होरून गेली अन् म्हस आटली. मला भ्याव वाटलं. आवसंच्या आत तुमी वाडी सोडून जावा, एवढंच मागणं हाय."

एकही मूल हसलं नाही.

चिमीनेही शांतपणे विचारलं, "न्हाई गेलो तर?"

"आबा म्हनलं, झोपडी पेटंल. तू आत ऱ्हाऊ नगंस."

माझा धडा सुमनने कुठेच चुकवला नव्हता. ती धमकी देत नव्हती, मैत्रिणीला वाचवत होती.

अमावस्या परवा आहे. आज संध्याकाळी मी सुमनच्या आबांशी बोलायला जातोय. परवा कंदील घेऊन चिमीच्या झोपडीत बसणार आहे. तुमच्यापैकी कोण माझ्या शेजारी येऊन बसेल?