राणेमामांचा पत्र्याचा डबा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना तर नाहीच. पक्ष्यांवर बोलायला बसले की मला थांबवावं लागतं — पण मरोळची गोष्ट आली की मी विषय बदलते. किती वर्षं? चाळीस होत आली.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाहूरच्या घरून मरोळला जायचे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या आवारात मोठी चिंच होती आणि तिच्यावर ढोकऱ्या घरटी करायच्या. पाणथळीच्या कडेला मान आखडून बसणारे ते मातकट बगळे, तेच. त्यांची किती पिल्लं जगतात, हा माझा पीएचडीचा विषय. लांब बांबूच्या टोकाला तिरका आरसा बांधायचा, तो घरट्यावर धरायचा आणि खालून दुर्बिणीने आरशात बघून पिल्लं मोजायची. बुधवारी आणि शनिवारी. काठी मीच बनवली होती, म्हणून मला तिचा तोरा फार.

तिथले वॉचमन राणेमामा. मालवणकडचे. संपात गिरणी गेली आणि ते या गेटवर आले. बांबू तेच सांभाळायचे, पावसात आरसा पुसून ठेवायचे. मला बाय म्हणायचे, घरच्या मुलीला म्हणावं तसं.

घरटी रिकामी होत होती. एकामागून एक. सरांना वाटायचं, माणसांचा त्रास — ट्रक, आवाज, दगड मारणारी पोरं. मीही तेच लिहीत होते. दुसऱ्या हंगामात एकदा मामा चहा घेऊन आले आणि हळूच म्हणाले,

"बाय, तुमची काठी वर गेली की कावळे जमतत. तुमी नसलात की एक पण फिरकत नाय. मी रोज बघतंय."

मी हसले. घरी जाऊन मात्र वही उघडली. मी तपासलेली बहुतेक घरटी रिकामी. भिंतीपलीकडच्या फांद्यांवर माझा बांबू पोचत नव्हता — तिथली पिल्लं उडायला लागली होती. काठी वर गेली की ढोकरी उठते, कावळ्याला घरटं दिसतं. इतकं सोपं. हे एका वॉचमनला दिसावं आणि मला नाही?

पण हे मान्य केलं तर दोन हंगामांच्या वह्या पाण्यात. मी ढोकऱ्यांचा नाही, स्वतःच्याच उपद्रवाचा अभ्यास करत होते. मला डिग्री हवी होती. मी गप्प बसले — आणि काठी वर करत राहिले.

मामांनी त्यांच्यापुरता उपाय काढला. मी काठी खाली घेतली की ते झाडाखाली उभे राहून पत्र्याचा डबा बडवायचे. कावळे हाकलायला. माझ्या मागची घाण ते निस्तरत होते, आणि मी ते बघत होते.

मग झाड तोडायची मागणी आली. विष्ठा मालावर पडते, ही मालकाची तक्रार. झाड वाचवायचं तर अहवाल हवा. तो मी लिहिला: घरटी उजाड होण्याचं कारण माणसांचा उपद्रव; तो थांबवा, झाड ठेवा. पाहणीला महापालिकेचे एक साहेब आले, सोबत मालक. सकाळीच मी काठी वर करून घरटी मोजली होती आणि साहेबांना आणायला गेटावर गेले होते; आम्ही आत शिरलो तर मामा डबा बडवत होते.

साहेबांनी मला विचारलं, "उपद्रव म्हणता तो हाच ना?"

एक वाक्य पुरलं असतं. ते कावळे हाकलतायत, आणि कावळे माझ्यामुळे येतात. मामा माझ्याकडेच बघत होते. मी म्हणाले, "हो, असे आवाज होतात इथे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात — इथे तर चोरानेच साक्ष दिली.

झाड राहिलं. मामांना काढलं. मालकाला तेवढंच सोपं होतं. जायच्या दिवशी त्यांनी आरसा पुसून, कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. डबा झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

"कावळे हाकलूक कोणाक तरी ठेवा, बाय," म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मला डिग्री मिळाली. पुढे मी शिकवायला लागले. कावळे आसपास असताना घरट्याजवळ जायचं नाही, असं मी मुलांना दरवर्षी बजावते. हे कुठे शिकलात, असं कोणी विचारलं तर म्हणते, अनुभव. लाज वाटते. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणते.

आणि मामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. डबा बुंध्याशी तसाच पडला होता. मी बांबू उचलला, आरसा बांधला आणि काठी वर केली. ढोकरी उठली. कावळे आले. डबा मी उचलला नाही. थोड्या वेळाने वही काढली आणि लिहिलं — घरटं अकरा, रिकामं. कारण: माणसांचा उपद्रव.