वरचा दोन बोटं थर

त्यांना सगळे मातीमामा म्हणत. तीस वर्षं शेतांतून मातीचे नमुने गोळा करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खुरप्याने वरची दोन बोटं माती खरवडून बाजूला टाकायची, मग वीतभर खोल खड्डा घेऊन पिशवी भरायची. हात असा बसलेला की झोपेतून उठवलं तरी चुकायचा नाही. आणि इथंच घोडं पेंड खातं.

बंद पडलेल्या बॅटरीच्या कारखान्यामागे बालवाडी सुरू व्हायची होती. अंगणातले नमुने मामांनीच घेतले, अहवाल स्वच्छ आला. "बाबांनी तपासलंय म्हणजे झालं," असं म्हणत लेकीने पहिल्याच दिवशी नात तिथं सोडली.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या नव्या बाईंनी सहज विचारलं, "मामा, बालवाडीचा नमुना किती खोलवरचा?"

"वीतभर. वरची घाण काढून, नेहमीसारखा."

बाईंनी हातातलं काम थांबवलं. "ते पिकासाठी, मामा. मुळं खोल जातात म्हणून. बॅटऱ्यांतलं शिसं असं सहजी खाली झिरपत नाही. मातीच्या कणांना धरून वरच बसतं, वर्षानुवर्षं. तपासायची होती तीच माती तुम्ही काढून टाकलीत. कुठं टाकलीत?"

मामांना आठवलं. पायरीशेजारी टाकली होती. चांगला मऊ ढीग झाला होता.

ते भर दुपारी धावत बालवाडीत पोचले. ढीग कुठंच दिसेना. मुलांचे कोपरापर्यंत हात मातीने माखलेले. नात पळत आली, गालावर, ओठांवर माती.

"आजोबा, तुमची माती संपली! आम्ही रोज घरं केली."

"सगळ्यांना आत घ्या," मामा बालवाडीच्या बाईंवर जवळजवळ खेकसले. मग आवाज खाली आला. "हात-तोंड धुवा त्यांचं. चूक माझी आहे."

पायरीजवळची वरवरची माती त्यांनी चमच्याने गोळा केली. निकाल संध्याकाळी आला: शिसं मर्यादेच्या सहापट.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळ्या मुलांची रक्ततपासणी होती. लेक रांगेत उभी होती. काल रात्रीपासून ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. नातीचा नंबर आला. सुई पाहून ती मामांना बिलगली. त्यांना तिचा हात धरावासा वाटला, पण धीर होईना.

"आजोबा, दुखेल?"

मामांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

"हो, बाळा," ते म्हणाले, आणि हात धरला.