दातांनी बांधलेली पट्टी

हे मी घरातही कधी बोललो नाही. मी जुन्या लष्करी वस्तू जमवतो हे कळल्यावर शिळफाट्यावरच्या करवंदवाल्या आजीने पदराखालून दंडावर बांधायची एक पट्टी काढली.

"सासऱ्याची हाय. इंग्रजांशी लढणाऱ्या टोळीत व्हता. गाव दरोडेखोर म्हनतो. खरी हाय ना रं?"

पट्टीच्या नाडीचं एक टोक चावून झिजलं होतं. एकटा माणूस दंडाला पट्टी बांधताना ते दातात धरतो. पट्टीवरचा टोळीचा शिक्काही माझ्या ओळखीचा होता; पट्टी खरी होती. मला ती हवी होती, म्हणून म्हणालो, "साधी चिंधी आहे, आजी. मला द्या."

"चिंधी हाय, तं तुला कशाला रं?"

तिने पट्टीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, वर करवंदांची पाटी घेतली आणि निघाली. पुन्हा दिसली नाही.

'खरी आहे' एवढे शब्द मी तिला आणि तिच्या गावाला अजून देणं लागतो.