बादलचा मोडलेला हात

बोरी अरबजवळच्या तांड्यात लालीबाईला सगळे भांडकुदळ म्हणतात. कोणी विहिरीत उतरायला निघालं की ती काठावर जाऊन उभी राहते. अंगाला दोर बांधल्याशिवाय उतरू नका म्हणून हटून बसते.

तिचा भाऊ देवसिंग विहिरीतच गेला. आत ठेवलेल्या डिझेल इंजनाच्या धुरानं तो कोसळला. त्याला काढायला चुलतभाऊ उतरला, तोही वर आला नाही. इंजन बंद झालं तरी विषारी वायू विहिरीत साचून राहतो, तो दिसतही नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. लालीबाई तेव्हापासून तेच सांगत फिरते. ऐकायला कोणी तयार नाही.

यंदा जानेवारीत शेताची वीज रात्रीचीच येत होती, म्हणून दिवसा डिझेल इंजन लावावं लागायचं. पाणी खोल गेलेलं, काठावरून इंजन ते ओढेना. शेवटी तिच्या नवऱ्यानं, खेमसिंगनं, बायकोचं न ऐकता इंजन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं. हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि थोड्या वेळानं इंजन बंद पडलं. मुलगा बादल पान्हा घेऊन निघाला.

"आत्ता नको उतरू," लालीबाई म्हणाली. "हवा खेळू दे आत."

"याडी, इंजन बंद हाय न. आता कायचा धूर?" बादल आईला म्हणाला.

"मंग दोर तरी बांध."

"बैल हाय का मी?"

तिनं स्वतःच त्याच्या बगलांखालून दोर घेतला, गाठ मारली आणि दुसरं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला बांधलं. बादल कुरकुरत उतरला. पान्हा लावला, वर बघून काहीतरी बोलायला गेला आणि तसाच इंजनावर कलंडला.

खेमसिंग पायऱ्यांकडे धावला. लालीबाईनं मागून त्याचा सदरा पकडला.

"सोड मले! पोरगं मरून राह्यलं आपलं!"

"तुमी गेले तर दोघंबी मरान! दोर ओढा!"

"दगडावर आपटन थो!"

"आपटू द्या! ओढा म्हनते न!"

सदरा फाटला, तरी तिनं सोडला नाही. तोवर सून राखी आणि शेजारच्या शेतातल्या बाया धावत आल्या. सगळ्यांनी मिळून दोर ओढला. बादलचं अंग दगडांना घासत वर येऊ लागलं. मध्येच त्याचा हात पाइपाला अडकला. हाड मोडल्याचा आवाज लालीबाईनं ऐकला, आणि ती ओढतच राहिली.

दारव्ह्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर बादल शुद्धीवर आला. हाताला प्लास्टर घालून घरी आला, आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली.

"मामंजी उतरले असते तर हात शाबूत राह्यला असता," राखी प्रत्येकाला सांगायची.

"आईच्या जातीनं पोराले असं ओढावं?" एक म्हातारी म्हणाली.

लालीबाई समजावायची. पुन्हा समजावायची. मग तिचा आवाज चढायचा, आणि बाया एकमेकींकडे बघायच्या. खेमसिंगला सगळं कळत होतं, पण तो खाटेवर बसून तंबाखू मळत राहायचा.

"तुमी काहून बोलत नाई?" तिनं एकदा विचारलं.

"जाऊ दे न आता," तो म्हणाला. तिला ते राखीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या अमरसिंगनं आपलं इंजन विहिरीत उतरवलं. तेही बंद पडलं. लालीबाई दोर घेऊन धावली.

"वैनी, आता माया हात मोडता का?" तो हसला आणि तसाच उतरला.

ती वरून त्याला हाका मारत राहिली. तो मुद्दाम ओ देईना. शेवटी तो ग्रीसचे हात पुसत वर आला.

"पाहा. झालं काही?"

काही झालं नव्हतं. ह्याचा तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतं रडू येत होतं. दिवस मावळायच्या आत तांडाभर झालं होतं की अमरसिंग दोराशिवाय उतरला आणि धडधाकट वर आला.