अक्कांच्या हाताचा दावा

"लिखी ले, भाऊ," असं म्हणूनच अक्का बोलायला सुरुवात करायच्या. समोरच्याच्या हातात कागद असो वा नसो. कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही त्या तसंच सांगायच्या, "लिखी ले, साखर कमी."

सत्तर सालाच्या आगेमागे मी धुळ्याला एका वकिलांकडे कारकून होतो. कोर्टाच्या आवारात तुम्ही कधी तासभर बसला असाल, तर तिथली माणसं तुम्हाला ठाऊक असतील. बहुतेकांची मान खाली असते. अक्का मात्र लिंबाखाली पाय पसरून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना विचारायच्या, "कितवा महिना शे?"

साक्रीजवळच्या एका खेड्यात त्या सुईण होत्या. साठीच्या घरात आलेल्या, विधवा. आठवडेबाजार करून परतताना रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. एका कापूस व्यापाऱ्याची मोटार भरधाव आली, वळणावर रस्ता सोडून खाली उतरली, धक्क्याने अक्का पडल्या आणि त्यांचा उजवा हात चाकाखाली सापडला. दोन बोटं गेली. उरलेली ताठ झाली.

व्यापाऱ्याचा मुनीम नवं लुगडं आणि थोडे रुपये घेऊन घरी आला. अक्कांनी लुगडं परत त्याच्या पिशवीत घातलं. "लुगडं शे मनाजोडे. हातनं काय ते बोला." लुगडं त्यांच्याजवळ होतंच; हाताचं काय, ते न सांगता मुनीम निघून गेला, म्हणून त्या सुनेला घेऊन आमच्याकडे आल्या.

नुकसानभरपाईचा अर्ज मीच टाइप केला. व्यवसाय काय, असं विचारलं.

"लिखी ले, बाया मोकळ्या करस मी."

"त्याचे किती घेता?"

"पैसा लेस नही. जे दी ते. जवारी, नारळ."

मी तेव्हा पंचविशीचा, बिनलग्नाचा. पैसे नाहीत म्हणजे व्यवसाय नाही, असं माझं साधं गणित. मी रकान्यात 'घरकाम' असं टाकून दिलं. घाईत वकीलसाहेबांनीही ते वाचलं नाही.

तो शब्द उलटतपासणीत बाहेर आला. मोटारीच्या विमा कंपनीचे वकील अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, अर्जात घरकाम लिहिलंय. मोबदला तुम्ही घेत नाही. मग तुमचं नुकसान काय झालं?"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. दुखरा हात कठड्यावर ठेवून त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "साहेब, पोटवर हात फिरावा का बाळ आडवं शे का उभं ते कळस. या बोटेस्ले कळे. आते कळस नही."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. मी कुठे पाहावं ते मला सुचेना.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, चूक माझी आहे. मीच तसं लिहिलं."

"तू कव्हय बाळंतपण देखं शे?" त्या म्हणाल्या. "तुले काय माहीत? आते नीट लिखी ले." आणि पिशवीतून काढून मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वकीलसाहेबांनी अर्जात दुरुस्ती मागितली, ती मिळाली. मग साक्रीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर साक्षीला आले. ते म्हणाले, "अडलेल्या बाईला अक्का वेळेवर माझ्याकडे पाठवायच्या. पोट तपासून यांनी जे सांगितलं, ते माझ्या तपासणीत क्वचितच चुकीचं निघालं. आता त्या गावांमधून बायका उशिरा येतात. दोन तर फारच उशिरा आल्या."

निकाल लागायला वर्ष गेलं. मागितलं तेवढं नाही, पण मिळालं. पैशांत मोबदला नाही म्हणून कामाला किंमत नाही असं होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. रक्कम सांगितली तेव्हा अक्कांनी नुसती मान हलवली आणि विचारलं, "हातनं काय लिखं?"

निकाल इंग्रजीत होता. मी अडखळत मराठी केलं, "अर्जदार या कुशल सुईण असून..."

"कुशल म्हंजे?"

"हुशार."

"परत वाच."

मी तीनदा वाचलं. सून तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या पैशांतून अक्कांनी सुनेला सुईणीच्या शिक्षणासाठी धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. सून तिथलं शिकून यायची, घरी आल्यावर अक्का आपलं शिकवायच्या. दोन्हींचा मेळ बसेना तेव्हा भांडणं व्हायची, असं सुनेनंच मला सांगितलं.

पुढे दोनेक वर्षांनी दुसऱ्या दाव्याच्या कामासाठी मी साक्रीला गेलो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. दाराला कडी होती. शेजारीण ओट्यावर धान्य निवडत होती.

"दोन्ही सासूसुना सकायलेच गयात," ती म्हणाली. "डोंगरपल्याडना पाड्यावर."

"कधी येतील?"

"ते बाळलेच इचारा."

मी ओट्यावर बसलो. माझी बस यायची वेळ झाली, तरी दोघी आल्या नव्हत्या.